दिवाणजी, मेल आला का?

माग बंद पडला की कळतं. धागा तुटो, धोटा अडको, मोटर जळो, आधी आवाज बदलतो. मग जॉबर अण्णा येतात, वाकून बघतात, पाना फिरवतात, एक शिवी देतात आणि शेड पुन्हा खडखडायला लागते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथं बिघाडसुद्धा असा तोंडासमोर येतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रामला ही रीत मान्य नाही. तो बंद पडला तरी बंद पडल्याचं सांगत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी पुटपुटतो, शून्यानं सुरू होणारा, मध्ये एक्स घातलेला लांबलचक आकडा फेकतो, आणि दुखणं कुठलंही असलं तरी शेवटी पासवर्ड मागतो.

नेट गेलं, पासवर्ड. पलीकडचा सर्व्हर दमला, पासवर्ड. पासवर्ड अगदी बरोबर आहे, तरी पासवर्ड. आमचा पासवर्ड ऑफिसातल्या कॅलेंडरवर मालकांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे तो चुकायचा प्रश्नच येत नाही. चहा आणणाऱ्या पोराला तो पाठ आहे. कारखान्यात तो माहीत नसलेली एकमेव वस्तू म्हणजे तो प्रोग्राम.

केबिनमधून मालकांचा आवाज येतो, "दिवाणजी, मेल आला का?" नाही म्हटलं की संशय आधी पार्टीवर, म्हणजे गिऱ्हाइकावर जातो, मग बाजारावर, मग सरकारवर. कॉम्प्युटरचा नंबर बराच खाली लागतो. मग बातमी शेडमध्ये जाते. अण्णा "एमैंदी?" म्हणत येतात, पॅकिंगमधल्या अक्का "एनायतु?" विचारतात, टेम्पोवाला चहाच्या पोराला "काय झालं बे?" म्हणतो आणि पोरगं माझ्याकडे बघतं. प्रश्न तीन भाषांत विचारण्याची सोलापुरात सोय आहे. उत्तर मात्र प्रोग्रामच्या त्या खिडकीत चौथ्याच भाषेत लिहिलेलं असतं, आणि ते वाचायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी बी.कॉम. आहे.

उन्हाळ्यात एक प्रकार असा सुरू झाला की रोज सकाळी मेल बंद. खिडकी म्हणायची, समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ग्राह्य नाही, पुढे जायचं का? मालक म्हणाले, "सर्टिफिकेट? जीएसटीचं का इन्कम टॅक्सचं? सीएंना फोन लावा." सीएंना फोन लावला. सीएंनी दोन्ही सर्टिफिकेटं चालू असल्याचं सांगितलं आणि थकलेल्या फीचीही आठवण करून दिली. पुण्याला असलेल्या धाकट्या मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "काका, सेफ मोडमध्ये उघडून बघा." सेफ मोडमध्ये उघडला. बंदच होता, फक्त आता सुरक्षितपणे बंद होता.

शेवटी दुरुस्तीवाला पोरगा आला. त्यानं खिडकीकडे ढुंकूनही बघितलं नाही. उजवीकडे खाली, घड्याळ असतं तिथं बोट ठेवलं. "काका, तारीख बगा की. दोन हजार नऊ दाखवलालंय."

झालं होतं असं, की कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो मेला होता. आमचा वॉचमन रात्री मेन स्विच पाडून जातो, त्यामुळे रोज सकाळी आमचं ऑफिस २००९ सालात उघडायचं. सर्व्हरच्या सर्टिफिकेटावर, म्हणजे त्याच्या ओळखपत्रावर, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. २००९ मधल्या माणसाला आजचं सर्टिफिकेट दाखवलं तर तो म्हणणारच, हे अजून जन्मलेलंच नाही. प्रोग्रामचं काही चुकत नव्हतं. पण "तारीख बघा" हे दोन शब्द लिहायला त्याचं काय जात होतं?

सेल नव्या पेठेतल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. त्यानं विचारलं, "कुठल्या घड्याळाला?" मी म्हटलं, "मेलच्या." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

मेल येणं आणि मेल जाणं ही दोन वेगळी खाती आहेत, हेही मालकांना पटवता येत नाही. येतंय तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्या पोरानं सेटिंग उघडून विचारलं, "जायचं पोर्ट कुठलं आहे?" मालक केबिनमधून म्हणाले, "न्हावाशेवा. नेहमीचंच." पोराला वाटलं मालक चिडले. मालक चिडले नव्हते, गेली कित्येक वर्षं आमचा माल तिथूनच जातो. मेलचा माल मात्र पूर्वी २५ नंबरच्या पोर्टावरून जायचा. तिथून फसव्या जाहिरातींचा एवढा लोंढा सुटला की नेटवाल्यांनीच ते दार ठिकठिकाणी अडवलं. आता जायला ५८७ किंवा ४६५ लागतं. आमच्या सेटिंगमध्ये २५ तसंच बसून होतं. बदललं, गेलं. मालकांनी नवा नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला.

पण खरा कहर केला आउटबॉक्सनं. परदेशातल्या एका पार्टीला नव्या डिझाइनचे फोटो पाठवायचे होते. धाकट्या मालकांनी ते भारी कॅमेऱ्यानं काढले होते, टॉवेलचा एकेक फासा मोजता यावा इतके स्वच्छ. सगळे मिळून वीस एमबी. मेलवाल्यांची मर्यादा पंचवीसची. मालकांनी पावतीचा हिशेब करावा तसं बोटांवर मोजलं, पाच एमबी शिल्लक. पाठवा. मी पाठवलं. ते आउटबॉक्समध्ये जाऊन बसलं आणि बसूनच राहिलं. त्याच्या मागून दिलेलं कोटेशन बसलं, सूतवाल्याला दिलेलं उत्तर बसलं, बँकेचा कागद बसला. पुढचा हलेना म्हणून मागचा हलेना. दर काही मिनिटांनी प्रोग्राम जोर लावायचा, हिरवी पट्टी अर्ध्यावर जायची, आणि मग, अर्थात, पासवर्ड मागायचा.

आता यातली गंमत अशी. मेल पाठवायचे जे नियम आहेत ते १९८२ सालचे आणि ते साध्या इंग्रजी अक्षरांसाठी केलेले. फोटो, फाइली जोडायची युक्ती १९९२ साली त्यावर बसवली. युक्ती म्हणजे काय, तर फोटोचंही अक्षरांत रूपांतर करायचं. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, त्यामुळे वीसचा फोटो वाटेत सव्वीस-सत्तावीसचा होऊन बसतो. हे मी मालकांना दोनदा सांगितलं. त्यांना वाटलं, मधले सहा-सात एमबी कुणीतरी कमिशन म्हणून लावतंय. मग अण्णाच म्हणाले, "मालक, आपला टॉवेल नाही का? जीएसएम, चौरस मीटरला किती ग्रॅम ते, कागदावर एक, भिजला की वजन दुसरंच." मालकांना लगेच पटलं. सगळ्या दुरुस्तीत अण्णांचा पगार वसूल झाला तो तेव्हा.

अडकलेला मेल काढायचा तर तोही सहज निघत नाही. तो "जातोय" असं प्रोग्रामचं म्हणणं असतं आणि जाणाऱ्याला हात लावू देत नाही. आधी "वर्क ऑफलाइन" दाबायचं, प्रोग्रामला वाटलं पाहिजे की जगाशी संबंध तुटला, मग तो मेल सोडतो. मग पुसायचा, पुन्हा ऑनलाइन व्हायचं. हे केल्यावर मागची सगळी रांग सुळकन निघून गेली. कोटेशन पोचलं तेव्हा त्यातल्या सुताचा भाव जुना झाला होता, ती गोष्ट निराळी.

या ऑफलाइनच्या बटणाचं एक उपपुराण आहे. एका सोमवारी दुपारपर्यंत एकही मेल आला नाही. तक्रार नाही, आकडा नाही, पासवर्डसुद्धा मागितला नाही. मालकांनी मंदीवर मोठं भाषण दिलं. ऑफिस झाडताना कुणाचा तरी फडका माउसवरून फिरला होता आणि ते बटण दाबलं गेलं होतं. तो फडका आमचाच, सेकंड क्वालिटीचा टॉवेल.

मालकांना कारखान्याचा मेल मोबाइलवरही हवा होता. मोबाइलवर दिसेना. कारण आमचा प्रोग्राम पॉप पद्धतीचा. पॉपची ही तिसरी आवृत्ती १९८८ सालची, मेल सर्व्हरवरून उचलायचा, घरी आणायचा आणि सर्व्हरवरचा पुसून टाकायचा. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतो आणि दहा ठिकाणांहून दिसतो. "सर्व्हरवर प्रत ठेवा" या चौकोनात टिचकी मारली की पॉपवरही काम भागतं. मारली. काही महिन्यांनी सर्व्हर भरला, इकडे कॉम्प्युटरची डिस्कही भरली. मालक म्हणाले, पुसा. मी म्हटलं, काय पुसू? तर पुसण्यासारखं काहीच नाही. गड्ड्याच्या जत्रेचे फोटो ठेवायचे, मंगळवेढ्याच्या मेव्हण्यानं पाठवलेली शुभेच्छांची कार्डं ठेवायची, बंद झालेल्या पार्टीनं सहा वर्षांपूर्वी मागितलेलं सॅम्पलही ठेवायचं, उद्या पार्टी परत आली तर? अखेर कॉम्प्युटरवरचे थोडे पुसले, तरी डिस्क तेवढीच भरलेली. बऱ्याच प्रोग्रामांत पुसलेला मेल लगेच जात नाही, त्याच्यावर नुसती खूण होते. "कॉम्पॅक्ट" म्हणेपर्यंत तो जागा अडवून बसतो. भाडं न देणारा कूळ कागदोपत्री गेलेला असतो, त्यातलाच प्रकार.

मग २०२२ आलं. गूगलनं ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डावर आत शिरणाऱ्या प्रोग्रामांना दार लावून घेतलं. आमचा मेल दुसऱ्यांकडे होता, पण वारं तिकडंही पोचलं. मालकांचा पासवर्ड नको, मेलवाले म्हणाले, सोळा अक्षरांचा वेगळा देतो, तो त्या प्रोग्रामपुरता. म्हणजे एवढ्या वर्षांत खिडकीनं एकदाच खरोखर पासवर्ड मागितला, आणि तेव्हा तिला आमचा नको होता. मालकांनी ती सोळा अक्षरं कॅलेंडरवर उतरवून घेतली, दोनदा वाचली आणि विचारलं, "हे कुणाचं नाव आहे?"

परवा सगळं चालू होतं. तारीख बरोबर, पोर्ट बरोबर, आउटबॉक्स रिकामा. परदेशातल्या पार्टीचा मेल आला, "डिझाइन पसंत, बदल सोबत जोडले आहेत." जोडलेलं होतं विनमेल डॉट डॅट. ते उघडेना. आउटलुकवरून रिच टेक्स्ट पद्धतीनं पाठवलेला मेल दुसऱ्या प्रोग्रामात गेला की त्याचं असं गाठोडं होतं. मी पार्टीला कळवलं, साध्या पद्धतीनं पुन्हा पाठवा. पार्टीनं सरळ मालकांच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. मालकांनी मोबाइल अण्णांना दाखवला, अण्णांनी मान डोलावली, माग लावायचं ठरलं.

मग मालक माझ्याकडे वळले. "दिवाणजी, पार्टीला एक मेल टाका. व्हॉट्सॲप मिळाला म्हणून."