बापूंचं बीपी आणि कट्ट्यावरची पाच मिनिटं

पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळलेला, पाय कट्ट्यावरून लोंबकळताहेत, डावा हात मांडीवर पडलेला आणि बटण दाबल्यावरही बापूंचं तोंड चालूच. मशीनने आकडा दिला १६२/९८. पिंट्या म्हणाला, तडक हॉस्पिटल. बापू म्हणाले, मशीन भंगार आहे. मग तासभर दुसरा विषय निघाला नाही.

"डोकं दुखत नाही, गरगरत नाही, छातीत काही नाही. बीपी असतं तर कळलं नसतं का?" बापूंचा सवाल.

"नसतं कळलं," सिस्टर म्हणाल्या. "ही त्याची खोडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज होता की जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना बीपी आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. डोकं दुखलं म्हणून बीपी मोजायला येतात, त्यातल्या बहुतेकांचं डोकं दुसऱ्याच कारणाने दुखत असतं. आणि ज्यांचं खरंच १६० असतं, ते खुशाल हिंडत असतात."

मास्तरांना इतिहासाशिवाय चैन पडत नाही. "रूझवेल्ट घ्या. अमेरिकेचा अध्यक्ष, दिमतीला डॉक्टर. मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदलेलं. त्यानंतरही वर्षभर महायुद्धाचा गाडा हाकला. १२ एप्रिल १९४५ ला डोक्यात मागच्या बाजूने भयंकर कळ आली, आकडा ३००/१९० आणि त्याच दिवशी संपले. म्हणजे डोकं दुखलं ते मेंदूत रक्तस्राव झाल्यावर."

"आणि डॉक्टर काय करत होते?"

"करणार काय? धड गोळीच नव्हती. क्लोरोथायझाइड, म्हणजे बीपीवरची लघवीची गोळी, बाजारात आलं १९५८ ला."

इथे पिंट्याला चेव चढला. "मी तेच म्हणतोय, १६२ आहे, चला!"

"हे १६२ बापूंचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "यात कट्ट्याचा वाटा आहे, बाहीचा आहे आणि त्यांच्या बडबडीचा आहे. आधी तो वजा करा."

तो कसा वजा करायचा, यावरच खरी जुंपली. मास्तरांनी हाताचा हिशोब लगेच मांडला. बीपीचा आकडा म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, आणि पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड. त्यामुळे हात हृदयाच्या पातळीपासून १० सेंटिमीटर खाली असला की रक्ताच्या त्या स्तंभाचं वजन आकड्यात येतं आणि सुमारे ८ मिलिमीटर फुकटचे वाढतात. हात मांडीवर ठेवला की नेमकं हेच होतं. बोलत राहिलं तर आणखी १० च्या आसपास. लघवी तुंबलेली असेल तर तीही आकडा चढवते. पाठ टेकलेली नाही, पाय अधांतरी किंवा एकावर एक, तर त्याचीही थोडीथोडी भर.

"मशीन बोलणं ऐकतं की काय?" बापू.

"ऐकत नाही, पण गोंधळतं," सिस्टर म्हणाल्या. " डॉक्टर स्टेथोस्कोपने ठोके ऐकतात. हे मशीन पट्ट्यातली हवा सोडताना धमनीचे जे बारीक हादरे हवेत उमटतात, ते मोजतं. सगळ्यात मोठा हादरा जिथे येतो तो सरासरी दाब, आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या गणिताने काढलेला असतो. हात हलला, मूठ आवळली, की तेही हादरेच. बोलण्याने तर दाबच खरा वाढतो. आणि नाडीच अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशन वगैरे, तर हे गणित चुकू शकतं. तिथे निदान तीनदा मोजायचं, किंवा डॉक्टरांनी कानाने ऐकून मोजायचं."

पिंट्याने मनगट पुढे केलं. त्याच्या मनगटी मशीनवर आकडा लगेच येतो. सिस्टरांनी बघितलंही नाही. मनगटाचं मशीन हृदयाच्या उंचीला अचूक धरलं नाही तर मास्तरांचा तोच ८ मिलिमीटरचा हिशोब तिथेही लागू. दंडाचंच घ्यावं, तेही प्रमाणित चाचणीत उतरलेलं मॉडेल, आणि वर्षातून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहावं.

पट्ट्याचा मुद्दा मात्र सगळ्यांनाच नवा निघाला. सिस्टरांनी पट्टा उलटा करून आतली बाजू दाखवली. कडेला मर्यादा छापलेली होती, २२ ते ३२ सेंटिमीटर. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर टेप लावून दंडाचा घेर मोजायचा आणि तो या मर्यादेत बसतो का बघायचं. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला की धमनी दाबायला जास्त जोर लागतो आणि आकडा खोटाच चढतो. ज्याला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्याला साधा लावला, तर वरचा आकडा २० पर्यंत फुगतो. नसलेल्या आजाराची गोळी सुरू व्हायला एवढं पुरेसं आहे.

बापूंचा दंड भरला ३० सेंटिमीटर. पट्टा बरोबर होता, बांधला चुकीचा होता. बाही वर गुंडाळली तर तीच दंडाला आवळते, म्हणून शर्टातून हात बाहेर काढायला लावला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, खुणेचा बाण आतल्या बाजूच्या धमनीवर, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच घट्ट. पाठीची खुर्ची आणली, पाय जमिनीवर सपाट, हात स्टुलावर. स्टूल बुटका म्हणून त्यावर दोन पिशव्या, दंड छातीच्या मध्याला येईपर्यंत.

"आता पाच मिनिटं गप्प."

बापूंना कडू काढा परवडला असता. तिसऱ्याच मिनिटाला ते "पण मी काय म्हणतो" म्हणाले आणि सिस्टरांनी घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं.

ते गप्प असताना मास्तरांनी दवाखान्याच्या कागदांवर तोंडसुख घेतलं. कागदावर कायम १३०/८० नाहीतर १४०/९० कसं येतं? पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या, म्हणजे शेवटचा अंक शून्य पाचातून एकदाच यायला हवा. गडबडीत गोल आकडा लिहिला जातो, दुसरं काही नाही. घरचं मशीन निदान गोलमाल करत नाही.

"पण हद्द नक्की कुठली? कोणी १३० म्हणतं, कोणी १४०," पिंट्या.

"दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५," सिस्टर. "अमेरिकेने २०१७ पासून १३०/८० धरलंय. पण ही रेघ म्हणजे कडा नाही की पलीकडे पाऊल पडलं आणि माणूस कोसळला. ४० ते ६९ वयात, ११५ पासूनच, वरचा आकडा दर २० ने वाढला की हृदयविकार किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. काहींचं दवाखान्यात चढतं, घरी नीट असतं. काहींचं उलटं, दवाखान्यात शहाणं आणि घरी बेताल. हे दुसरे जास्त घातक, कारण सापडतच नाहीत. म्हणून वहीच हवी."

वहीची पद्धत अशी: सलग सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी, आणि संध्याकाळी. दर वेळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. पहिल्या दिवसाचे चारही आकडे काट मारायचे, उरलेल्या २४ ची सरासरी. आवडलेला आकडा निवडून लिहायचा नाही. बापू डोळ्यांनीच काहीतरी बोलले.

गोळीवर मास्तर आणि पिंट्या भांडले. पिंट्याचं मत, आकडा नीट आला की गोळी बंद, उगाच सवय नको. मास्तर म्हणाले, आकडा नीट आलाय तो गोळीमुळेच. सिस्टरांनी त्यातली खरी गोम सांगितली. अॅम्लोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी, तिचा रक्तातला अंश अर्ध्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस आकडा फारसा हलत नाही, माणसाला वाटतं जिंकलो, आणि आठवड्याने बीपी परत मूळपदावर. त्याच कारणाने सुरू केल्यावरही पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी डोस वाढवायला धावू नये. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर, ही बीपीचीच दुसरी औषधं, मात्र एकदम तोडायचंच नाही, बीपी उसळी मारतं. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत.

त्रासही ज्याचा त्याचा वेगळा. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, ती सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही, औषधाचा डोस किंवा जोडी बदलावी लागते. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी कोरडा खोकला धरतो आणि लोक कफाची औषधं पीत बसतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं. गरोदरपणात ही दोन्ही नकोत, एनालाप्रिल-रामिप्रिलही नकोत. आणि या गोळ्या, सोबत लघवीची गोळी आणि वर गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, ही तिघांची युती मूत्रपिंडाला झोपवू शकते. दुखण्यावरची ही औषधं एकटीसुद्धा बीपी चढवतात, आणि नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनही. हे कोणी विचारत नाही, कारण "ती काय, साधी दुखण्याची गोळी".

मिठाचं चटकन आटोपलं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चमचाभरही नाही. सैंधव, गुलाबी, समुद्री, रंग कोणताही असो, बहुतांश सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमचं पर्यायी मीठ खरंच उपयोगी, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

"आणि खरंच पळायचं कधी?" पिंट्याचा मूळ मुद्दा अजून जिवंत होता.

"१८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक, गोंधळलेला माणूस, यातलं एकही. तेव्हा लगेच, आकडा पुन्हा मोजत बसायचं नाही. तोंड वाकडं झालं तर आकडा १३० असला तरी पळायचं. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजायचं, तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आणि बीपी उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची नाही. पूर्वी सर्रास द्यायचे. दाब धाडकन पडतो, मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो, बीपी उतरवताना पक्षाघात."

पाच मिनिटं झाली. बटण दाबलं. १४६/८८. मिनिटाने पुन्हा, १४२/८६.

"बघा!" बापूंच्या तोंडातून निसटलंच. "वीस उतरलं, एक गोळी नाही काही नाही!"

"हा डावा हात," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या वेळी दोन्ही हात बघायचे असतात."

पट्टा उजव्या दंडावर गेला. १५६/९०. मिनिटाने १५४/९०.

मास्तरांनी १५४ मधून डाव्या हाताचे १४२ वजा केले, १२. पुन्हापुन्हा १० च्या वर फरक येत राहिला तर ज्या हाताचा आकडा जास्त तोच पुढे कायम मोजायचा, आणि १५ च्या वर जात राहिला तर डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं, कारण कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते.

"म्हणजे ते १६२ अगदीच खोटं नव्हतं," पिंट्या म्हणाला.

सिस्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर वर 'उजवा' लिहिलं आणि खाली सात ओळी आखल्या.

"आता बोलू का?" बापूंनी विचारलं.

"थांबा. डाव्याचं एकदा परत बघू. फरक खरा आहे का ते कळायला हवं."