पावणेपाच इंचांचा बांध

मध्यंतरी एकदा सकाळी सव्वासातला मावशीचा फोन आला. इतक्या सकाळी मावशीचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, या धास्तीने मी उठून बसलो. मावशी म्हणाली, "थायरॉइड तपासलंयस का रे कधी?"

झालं होतं असं की आदल्या रात्री लोकल केबल चॅनेलवर आमच्या सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन दाखवलं. त्यात निर्माल्य नदीत का टाकू नये यावर मी चाळीस सेकंद बोललो होतो. निर्माल्याबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही. गाल मात्र सगळ्यांनी पाहिले. दुपारपर्यंत वहिनीने डाएटचा तक्ता पाठवला आणि वॉचमन म्हणाला, "साहेब, टीव्हीवर एकदम हेल्दी दिसलात."

माझं वजन ६४ किलो आहे. ते चॅनेल अजून ४:३ मध्ये, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन अशा जुन्या मापात अडकलंय आणि लोकांच्या घरचे टीव्ही झालेत १६:९ चे. जुनं चौकोनी चित्र नव्या लांबट पडद्यावर ताणून बसवलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. त्या हिशेबाने मावशीने ८५ किलोंचा भाचा पाहिला. तिची काळजी रास्तच म्हणायची.

पण मग मला शंका आली, आपल्या घरी काय चाललंय? दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला, तेव्हापासून आई एका पाककृतीच्या कार्यक्रमातल्या बाईंवर खार खाऊन होती. "एवढं नाव आहे, पण पुरणपोळी लांबटच लाटते." वर्षभर त्या बाईंनी विनाकारण आईच्या शिव्या खाल्ल्या. रविवारी प्रभातचा जुना कृष्णधवल चित्रपट लागला तेव्हा सुरुवातीची तुतारीवाली मला जरा खात्यापित्या घरची वाटली होती, पण मी ते वयावर ढकललं. आता पट्टी घेऊन टीव्हीसमोर गेलो. एका चॅनेलच्या कोपऱ्यातला गोल लोगो मोजला. रुंदी १२ सेंटिमीटर, उंची ९. माझ्या घरात एक वर्ष अंडं फिरत होतं आणि आम्ही त्याला वर्तुळ म्हणत होतो.

दुरुस्तीचं रामायण थोडक्यात सांगतो. टीव्हीमागे केबलचा सेट टॉप बॉक्स जोडलेला होता लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरने. एचडीएमआयची नवीकोरी वायर बॉक्सच्या खोक्यात पिशवीतून बाहेरही निघालेली नव्हती. ती लावली. मग दोन रिमोट आणि दोन मेन्यू. बॉक्सचा मेन्यू विचारतो की टीव्हीचा आकार काय, आणि टीव्हीचा मेन्यू विचारतो की चित्राचा आकार काय. दोघांना वेगवेगळं उत्तर दिलं की दोघेही आपापल्या परीने चित्र ताणतात, जसे दोन जावई एकाच पंगतीत वाढायला उठतात. त्यात टीव्ही चारी कडा थोड्या कापून दाखवतो. ही काचेच्या नळीच्या काळातली खोड. तेव्हा कडा चौकटीआड जायच्या म्हणून चित्र मुद्दाम मोठं ठेवायचे. आता नळी गेली, खोड राहिली. म्हणून बातम्यांच्या पट्टीत सोन्याचा भाव कमरेपर्यंतच दिसायचा. टीव्हीत 'स्क्रीन फिट' शोधलं, बॉक्सला पडदा १६:९ चा आहे पण चित्र ताणू नकोस असं बजावलं. दोन तासांनी लोगो मोजला. नऊ बाय नऊ.

मी घरातल्यांना हाका मारल्या. आई आली, पुरणपोळी गोल बघून गप्प झाली. बाबा आले आणि म्हणाले, "हे काळं काय?"

"पट्ट्या आहेत बाबा. जुन्या आकाराचं चित्र मधे बसतं, बाजूला मोकळी जागा राहते."

"कोणाची जागा?"

"म्हणजे?"

"टीव्ही कोणाचा? आपला. मग जागा कोणाची?"

बाबांचं गाव वाईजवळ. शेजाऱ्याने बांध वीतभर आत सरकवला म्हणून त्यांनी आणि त्यांच्या भावाने अकरा वर्षं कोर्टात काढली आहेत. तो दावा बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी निकाली निघाला आणि तेव्हापासून त्यांना रिकामं रिकामं वाटत होतं. ते आत गेले, टेप घेऊन आले, डावी पट्टी मोजली, उजवी मोजली. "पावणेपाच इंच. दोन्हीकडून. साडेनऊ इंच खाल्ला." आणि मला काही कळायच्या आत केबलवाल्याला फोन.

केबलचा पोरगा एरवी रेंज गेली तरी चार दिवस फिरकत नाही. त्या दिवशी वीस मिनिटांत हजर. बाबांनी त्याला टेपचं एक टोक धरायला लावलं.

"आजोबा, हे सेटिंग कोणी केलं?"

"ह्याने. इंजिनिअर आहे."

पोराने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. "काका, सगळ्यांकडे फुल्लच असतंय. एक कंप्लेंट नाही."

"अरे, फुल्ल नाही, ताणलेलं असतं. माणसं जाड दिसतात."

"जाड दिसली तर काय झालं? एचडी घ्या."

बाबा मधे पडले. "तू मला सांग, महिन्याचे किती घेतोस? साडेतीनशे. पडदा किती दिसतो? पाऊण. म्हणजे पाव पडद्याचे साडेसत्त्याऐंशी रुपये तू आम्हाला देणं लागतोस."

"आजोबा, काळं पण आम्हीच पाठवतो ना. त्याचे वेगळे घेत नाही."

यावर बाबा निरुत्तर झाले. ते मी फार क्वचित पाहिलंय. पोराने तेवढ्यात रिमोट उचलला, एक बटण दाबलं, मेन्यूसुद्धा उघडला नाही, आणि पडद्यावरची निवेदिका दोन्ही बाजूंनी फुगून चौकटीला टेकली. "घ्या. झालं फुल्ल." बाबांनी त्याला चहा पाजला. मला कोणी विचारलं नाही.

'एचडी घ्या' हे मात्र मला लागलं. एचडी चॅनेल मुळातच १६:९ चं, त्याला ताणावं लागत नाही. पुण्यात २०१३ मध्ये घरोघरी सेट टॉप बॉक्स आले तेव्हा चित्र सुधारणार, असं ऐकलं होतं. २०१९ मध्ये नवे दर आले, तेव्हा १३० रुपयांत १०० चॅनेल होते, आणि एक एचडी चॅनेल घेतलं की ते मोजायचे दोन. म्हणजे तीच मालिका, तीच सासू, पण सडपातळ हवी असेल तर जागा दोघींची धरायचे. आणि साध्या चॅनेलवर तरी एकच काही ठरवा! मालिका रुंद, मधली जाहिरात दोन्ही बाजूंनी दाबून उभट, रात्रीचा सिनेमा वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊनच चौकोनी चौकटीत येतो, मग आमचा बॉक्स त्याला बाजूच्या पट्ट्या जोडतो, आणि नायक चारी बाजूंनी काळ्या चौकटीत, तसबिरीतल्या स्वर्गवासी आजोबांसारखा. फक्त हार घालायचा राहतो. त्याला झूम करावं तर पुढच्या जाहिरातीत लोकांच्या टाळू उडतात. प्रत्येक ब्रेकला माणसाने रिमोट घेऊन बसायचं, हे काम माझं की पैसे घेणाऱ्यांचं?

आता घरात असं चाललंय. रात्री सगळे झोपले की मी वर्तुळ गोल करतो. सकाळी मी आंघोळीला गेलो की बाहेर टेप सरकल्याचा आवाज येतो आणि वर्तुळाचं पुन्हा अंडं होतं. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की बॉक्स सगळं विसरतो आणि तो डाव आपोआप बाबांच्या खात्यात जातो. आई तटस्थ आहे. तिला पुरणपोळी गोल हवी, पण मालिकेतली मोठी सून ताणलेलीच बरी दिसते म्हणते.

पोरगा एक तारखेला वसुलीला येईल. त्याच्या त्या उत्तराने बाबा जे गप्प झाले होते, ते दोन दिवस विचारच करत होते, हे मला काल कळलं. टीव्हीच्या कपाटात एक पाकीट सापडलं, वर बाबांच्या वळणदार अक्षरात 'केबल', आत दोनशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. पन्नास पैशांचं नाणं त्यांनी कुठून पैदा केलं, देव जाणे.