आपला नाही म्हणे!

आज सकाळी एका रीलखालची कमेंट वाचली आणि डोकंच फिरलं. नगरचा भुईकोट किल्ला दाखवलाय आणि खाली एक शहाणा लिहितो, "निजामशहाचा आहे, आपला नाही. पाडला तरी चालेल." त्यावर बदामांचा पाऊस!

अरे, मालोजीराजे कोणाचे सरदार होते? शहाजीराजांनी १६३६ पर्यंत कोणाची गादी सावरून धरली? आणि ज्यांना परके म्हणताय त्या घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असं जुन्या तवारिखाच, म्हणजे त्या काळचे इतिहासग्रंथच, सांगतात.

मागे भाच्याला हा किल्ला दाखवायला नेलं होतं. खंदक बघता बघता त्याने विचारलं, "मामा, हा शेवटी कोणाचा?" मी सुरू झालो. हुसेन निजामशहाने दगडी तट बांधला. १५९५-९६ मध्ये त्याच्याच लेकीने, चांदबिबीने, अकबराच्या मुलाला, मुरादला, अडवलं. सुरुंगाने पडलेलं खिंडार रातोरात बुजवलं. पुढे तिला घरच्याच लोकांनी मारलं आणि १६०० मध्ये मोगल आत आले. पोरगं गप्प.

१७५९ ला पोचलो तेव्हा त्याचा चेहरा पडला. तेव्हा किल्ला हैदराबादच्या निजामाकडे होता. त्याच्या किल्लेदाराने, कवीजंगाने, पैसे घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. "म्हणजे लढाईच नाही?" नाही रे बाबा, विकत घेतला! आता बोला. रोख मोजून घेतलेला किल्लासुद्धा आपला नाही, तर मग आपलं आहे तरी काय?

१७९७ मध्ये तो दौलतराव शिंद्यांकडे गेला. लगेच नाना फडणवीस तिथेच कैदेत! भाचा घरी येईपर्यंत शिंद्यांवर चिडलेला होता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने चार-पाच दिवसांत पेठ आणि किल्ला दोन्ही घेतले. इंग्रजांनी तो पेशव्यांना परत दिला आणि १८१७ च्या तहात पुन्हा काढून घेतला. मग त्याचा तुरुंगच करून टाकला. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद इथेच होते. नेहरूंनी इथे पुस्तक लिहिलं हे सगळ्यांना पाठ, पण आपले काँग्रेस नेते शंकरराव देवही त्याच कैदेत होते, ते कोणी सांगत नाही.

असो. फार तापून लिहितोय, कळतंय मला. निजामशाहीत सगळं गोडगोड होतं असं नाही, मान्य. आज किल्ला लष्कराकडे आहे, मनासारखं फिरता येत नाही, ही कुरकुर मीही करतो. पण लष्कर नसतं तर आपण नगरकरांनीच खंदक बुजवून तिथे मंगल कार्यालय काढलं असतं, हेही मान्य.

तरी एक सांगा. तो खंदक खणला कोणी? तटाचे चिरे कोणी घडवले? ती माणसं काय इराणहून आली होती? भाच्याला हे विचारावंसं वाटलं नाही, कारण त्याला ते उघडच होतं. वय वर्षं आठ!

वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, उत्तर देईन. पण "पाडा" म्हणणारा माझ्या यादीत राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवतोय.