बोनेट गुलाबी, बाकी लाल

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला लोक इंजिनाबद्दल विचारतात, मायलेज विचारतात, आणि ‘पार्ट मिळतात का हो?’ असं आजारी माणसाच्या नातेवाइकाला विचारावं तसं हळू आवाजात विचारतात. या तिन्ही प्रश्नांना सरावाने तोंड देता येतं; थोडं खोटं बोललं की भागतं. ‘रंग कुठला देणार?’ या प्रश्नाला मात्र खोटं उत्तर द्यायचं म्हटलं तरी आधी काहीतरी ठरवावं लागतं. तिथेच सगळं अडतं.

माझी गाडी दोन दारांची, दोनच माणसांची. हेडलाइट बटण दाबल्यावर बोनेटमधून वर येतात. डावा लगेच येतो, उजवा विचार करून येतो. रंग कागदोपत्री लाल. प्रत्यक्षात बोनेट आणि छप्पर गुलाबी, दारं लाल आणि मागचा बंपर या दोघांशीही संबंध तोडलेला. जुन्या लाल रंगांची ही खोडच असते. ऊन रंगद्रव्याला खातं, आणि जो भाग आकाशाकडे तोंड करून असतो तो आधी उतरतो. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसलेला जुन्या पद्धतीचा रंग असेल तर गाडी पुसल्यावर फडकंही लाल होतं. पॉलिश मारलं की गाडी काही दिवस तरुण दिसते, पण दर पॉलिशला रंगाचा एक पापुद्रा कमी होतो. म्हणजे गाडी जितकी चमकवावी तितकी ती संपत जाते.

तेव्हा रंग द्यायचा हे नक्की झालं. कुठला, ते थोरामोठ्यांना विचारून ठरवू म्हटलं आणि मोटारींचा इतिहास उघडला. तिथे तर सगळ्यांनी आपापले रंग वाटूनच घेतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या गाड्या देशाच्या रंगात धावायच्या: फ्रान्स निळा, इटली लाल, जर्मनी पांढरा, ब्रिटन हिरवा. 1903 ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली. यजमानांच्या मानासाठी ब्रिटिशांनी हिरवा घेतला असं सांगतात, आणि मग तो त्यांनाच चिकटला. जग्वारची ई-टाइप 1961 मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. गर्दी इतकी झाली की आणखी एक गाडी इंग्लंडहून रातोरात चालवत आणावी लागली. ती हिरवी होती. एवढं वाचून मीही हिरव्यावर आलो. पुढच्याच पानावर कळलं की अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांत हिरवी गाडी पूर्वी अपशकुनी समजत. महासागर ओलांडला की रंगाची पत्रिकाच बदलते!

लाल तरी निर्विवाद असेल? लाल म्हणजे फेरारी, फेरारी म्हणजे लाल. पण 1964 साली एन्झो फेरारी आपल्याच देशाच्या मोटार संघटनेवर रुसले आणि हंगामाच्या शेवटच्या शर्यतींत त्यांनी गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या. जॉन सर्टीस जगज्जेता झाला तो त्या निळ्या-पांढऱ्या फेरारीत. प्रत्यक्ष फेरारींनीच लाल सोडून जग जिंकलं म्हटल्यावर मी लालाचं वकीलपत्र कशाला घेऊ?

मला सगळ्यांत पटले ते जर्मन. 1934 मध्ये शर्यतीच्या गाडीला 750 किलोंची मर्यादा होती. मर्सिडीज किलोभराने जास्त भरली, म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला, खालचं ॲल्युमिनियम चकाकलं आणि चंदेरी गाड्यांची परंपरा सुरू झाली, अशी कथा आहे. इतिहासकार या कथेकडे संशयाने बघतात. बघू देत. रंग निवडण्याचा प्रश्न रंगच काढून टाकून सोडवणाऱ्या माणसांवर माझी श्रद्धा आहे. माझ्या गाडीचा रंग खरवडला तर मात्र खाली चंदेरी नाही, पुट्टी निघेल.

इतिहास संपला, मग घर सुरू झालं. आईने मोरपंखी, चिंतामणी आणि ‘तो आपला रामा’ असे तीन रंग सुचवले. बायको म्हणाली, “कुठलाही दे, पण दे.” मुलगी म्हणाली, “पांढरा दे, म्हणजे गाड्यांत हरवेल आणि आपल्याला कुणी बघणार नाही.” जगभर सध्या सगळ्यांत जास्त गाड्या पांढऱ्याच असतात, तेव्हा ही सूचना मी अभ्यासपूर्ण मानतो.

आणि मेव्हणा. प्रत्येक घरात मोटारींतलं कळणारा एक माणूस असतो आणि त्याच्याकडे सहसा मोटार नसते. तो आला, गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, “काळा. फोर्डने काय सांगितलं होतं? कुठलाही रंग घ्या, फक्त तो काळा असू द्या.” मी म्हटलं, मॉडेल टी 1914 ते 1925 एवढीच वर्षं फक्त काळी मिळायची, त्याआधी आणि नंतर दुसरे रंगही होते. त्यावर तो म्हणाला, “तेच म्हणतोय मी.” हे त्याचं आवडतं वाक्य. याच्यापुढे वाद जात नाही.

काळ्याचा निकाल शेवटी पेंटरने लावला. दारावर प्रायमर होता, दिसायला अगदी सपाट. त्याने त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारला, धुळीइतका. मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तो आडवा-तिडवा घासू लागला. उंच भागावरची काळी धूळ निघून गेली आणि खोलगट जागी तशीच राहिली. बघता बघता त्या सपाट दारावर काळी तळी उमटली: एक कुलपाखाली, एक मधोमध आणि एक लांबलचक, जिथे आधीच्या कुणा मालकाने गेटला मिठी मारली असणार. “आता हे दिसतंय,” पेंटर म्हणाला. “काळा दिला तर रोज दिसेल. चमकणारा काळा म्हणजे आरसा, साहेब. मळकट पांढरा आणि फिका करडा सगळं पोटात घालतात.” रंग मी निवडत नव्हतो, डेन्ट निवडत होते.

मग रंगपत्रिका. यात नावं वाचण्याची मजा आहे, रंग बघण्याची नाही. 1970 च्या आसपास अमेरिकेतल्या डॉज कंपनीवाल्यांनी ‘प्लम क्रेझी’, ‘गो मँगो’, ‘टॉप बनाना’, ‘पँथर पिंक’ अशी नावं ठेवली होती. त्या नावांनी विकत घेतलेली गाडी विमा एजंटला फोनवर सांगताना लोकांची काय अवस्था झाली असेल! शिवाय कार्डाचा तुकडा बोटभर आणि गाडी हातभर नव्हे, चांगली खोलीभर. बोटभर तुकड्यावर सभ्य वाटणारा पिवळा खोलीभर झाला की ओरडतो. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात. समोरून उजळ, तिरकं बघितलं की गडद. त्यावर ताण म्हणजे उजेड. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन निळे उन्हात नेले की एक जांभळा होतो आणि एक होत नाही. मी कार्डं घेऊन दिवसभर आतबाहेर करायचो. शेजाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं.

रंग बदलण्याचं खरं दुखणं पेंटरने शेवटी सांगितलं, तेही सहज, पाइप गुंडाळता गुंडाळता. बाहेरून रंग बदलणं सोपं. दार उघडलं की चौकट लाल, डिकी उघडली की आत लाल, बोनेट उचललं की इंजिनाच्या बाजूच्या भिंती लाल. नीट करायचं तर दारं उतरवा, काचा काढा, इंजिन बाहेर घ्या. आणि वर येणारे ते हेडलाइट: झाकलेले असताना निळे, उघडले की खालून लाल डोकावणार. बऱ्याच देशांत नोंदणीच्या कागदावरही गाडीचा रंग लिहिलेला असतो. बदललात तर सरकारलाही विश्वासात घ्या.

एका पाइपाच्या वेटोळ्यात मोरपंखीपासून पँथर पिंकपर्यंत सगळे गारद झाले. ठरलं: मूळचाच लाल. निवडायचं काही नाहीच, गाडीतल्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो द्यायचा आणि घरी जायचं. मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी उजव्या हेडलाइटलाही माफ केलं.

मग पेंटरचा फोन आला. “कोड मिळाला. पण त्यात प्रकार आहेत.” कारखान्यातून निघणारा एकाच कोडचा रंग सगळीकडे, सगळ्या वर्षी सारखा नसतो, म्हणून रंगवाल्यांच्या यादीत त्या एका कोडखाली मूळ छटा, जरा पिवळसर, जरा निळसर, जरा गडद असे भाऊबंद नांदत असतात. त्याने प्रत्येकाचा फवारा वेगवेगळ्या कार्डावर मारून ठेवला होता आणि कार्पेट उचलून, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं अशा जागी, गाडीचा खरा लाल उघडा केला होता. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. मुलगी म्हणाली, “हे सगळे एकच आहेत.” बायकोने घड्याळ बघितलं.

मेव्हण्याने एक कार्ड उचललं, हात लांब करून डोळे बारीक केले. “हा नको. पिवळा मारतोय, स्पष्ट दिसतंय.”

पेंटरने कार्ड उलटून मागचं वाचलं. “हा निळसर आहे.”

“तेच म्हणतोय मी,” मेव्हणा म्हणाला. “नकोच.”