डबा कुठाय?

परदेशात जोडीनं फिरायला गेलात आणि सगळे प्रवास सुरळीत पार पडले, तर परत आल्यावर सोसायटीत सांगणार काय? बर्फाचे डोंगर सगळ्यांनी सगळ्यांच्या स्टेटसवर बघितलेत. चुकलेली गाडी मात्र फक्त तुमची असते. तेव्हा गाडी चुकवायची कशी, हे निघण्याआधी नीट शिकून घ्या. आम्ही दोघं या विषयातली पदवी स्वित्झर्लंडहून घेऊन आलोय. पेपर अवघड होता. तिथे गाड्या वेळेवर धावतात, त्यामुळे सगळा घोळ स्वतःच्या हिमतीवर घालावा लागतो.

तयारी घरापासून करायची. टूर कंपनीकडे चौकशी करून यायचं, त्यांचा चहा प्यायचा आणि "छे, लुटतात नुसते" म्हणत स्वतःच बुकिंग करायचं. "बावीस वर्षं डोंबिवलीहून फास्ट पकडतोय, मला कोण गाडी शिकवणार?" हे नवऱ्यानं निघेपर्यंत तीनदा तरी म्हटलं पाहिजे. आमच्या ह्यांचं विमानात बसेपर्यंत पाचदा झालं होतं.

तिकीट घ्यायचं ते सुपरसेव्हर. खूप आधी काढलं तर चांगलं स्वस्त पडतं, फक्त ते ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गाडीलाच चालतं. म्हणून विमान झुरिकला उतरल्यावर पाऊण तासात सुटणारी गाडी निवडा. मग इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या आपले फ्रँक वितळताना बघता येतात. नवीन तिकीट पूर्ण भावात काढताना बायकोनं एक अक्षरही बोलू नये. ते पुढच्या पंधरा वर्षांसाठी राखून ठेवावं.

दुसरी गाडीही चुकवता येते, आणि ती तर समोर उभी असताना. आम्ही चार बॅगा घेऊन दारासमोर उभे राहिलो. दार उघडेना. मुंबईत एसी लोकल आली 2017 साली. तोवर लोकलचं दार ही एक जागा होती, वस्तू नव्हती. उघडायचं काय असतं त्यात? आतले प्रवासी आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे बघून हसलो. वर स्विस स्टेशनांवरचं ते प्रसिद्ध घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा फेरी थोडी लवकर संपवतो, बारावर क्षणभर थांबतो आणि मिनिटाचा इशारा आला की पुढे सरकतो. तो थांबला, मला वाटलं आमच्यासाठीच थांबला. मग काटा हलला आणि गाडीही हलली. दारावर बटण असतं, ते आपण दाबायचं असतं. हे आम्हाला साताठ वर्षांच्या एका मुलीनं पुढच्या गाडीला दाबून दाखवलं.

बर्नला गाडी बदलून इंटरलाकेन. आता इथे मुंबईकराला जी संधी मिळते ती दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. या गावात दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. ओस्ट म्हणजे ईस्ट. ईस्ट-वेस्ट म्हटलं की आपल्या डोक्यात मधला पूल येतोच. आमचं हॉटेल ओस्टला होतं, पण आधी वेस्ट लागलं आणि ह्यांनी बॅगा उतरवल्याच. "अगं, पूल ओलांडला की ईस्ट!" पूल काही सापडेना. दोन्ही स्टेशनांमध्ये दीडेक किलोमीटरचं अंतर आणि वाटेत होएवेग नावाचा देखणा रस्ता आहे. एका बाजूला मोठमोठी हॉटेलं, एका बाजूला हिरवं कुरण, समोर युंगफ्राऊचं शिखर. लोक तिथे पॅराग्लायडिंग करून उतरतात. आम्ही चार बॅगा ओढत चाललो होतो. आम्ही उतरलो ती गाडीच पुढे ओस्टला जात होती, हे मी ह्यांना रात्री जेवताना सांगितलं.

एवढं जमलं की पुढची पायरी, म्हणजे नवरा-बायकोची चुकामूक. त्यासाठी सामानाची वाटणी नीट हवी. दोघांचे पासपोर्ट, रेल्वेचा पास आणि चालू सिमकार्ड नवऱ्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये. दशम्या, लसणाची चटणी आणि गूळपोळ्यांचा स्टीलचा डबा बायकोच्या पिशवीत. (दोघांना दोन सिमकार्डं घेऊ नयेत. "आपण एकत्रच तर असणार" हे त्यामागचं शास्त्र.)

आम्हाला लाउटरब्रुनेनला जायचं होतं, श्टाउबाखचा जवळजवळ तीनशे मीटरचा धबधबा बघायला. ओस्टहून गाडी एकच सुटते, पण अर्धी लाउटरब्रुनेनची असते आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डची. फलाटावर तशी पाटी आहे, डब्यांवर लिहिलेलं आहे, घोषणाही होते. यातलं काहीही वाचू-ऐकू नये. गाडी दिसताच ह्यांच्यातला डोंबिवलीकर जागा झाला. "तू इकडची खिडकी पकड, मी पुढे बघतो!" म्हणत हे फलाटावरून पळाले. मी खिडकी पकडली. ह्यांनीही पकडली, फार चांगली पकडली म्हणे.

दहाएक मिनिटांनी त्स्वाइल्यूत्शिनेन येतं. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल. इथे पांढरी ल्यूत्शिने आणि काळी ल्यूत्शिने या दोन नद्या एकत्र येतात आणि नेमकी इथेच गाडी दोन भागांत तुटते. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. त्याच्या बरोबर उलटं काय असेल, ते या स्टेशनात खिडकीशी बसून बघायला मिळतं. मला हलकासा धक्का जाणवला. मी दशमी खात होते.

मग तिकीट तपासनीस आला. मी म्हटलं, माझे यजमान पलीकडच्या डब्यात आहेत, पास त्यांच्याकडे आहे. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत हे अगदी खरं होतं. त्यानं वळून बघितलं, पलीकडे डबाच नव्हता. तो काहीतरी बोलला, त्यातलं मला फक्त "ग्रिंडेलवाल्ड" कळलं. तो वैतागला नाही, हसलाही नाही. माझ्यासारख्या बायका त्याला रोज भेटत असाव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चुकामूक टिकवायची असेल तर दोघांवर संस्कार सारखे हवेत. माझी आई सांगायची, जत्रेत हरवलीस तर जिथे आहेस तिथेच उभी राहा. ह्यांच्या आईनंही तेच सांगितलेलं. त्यामुळे मी लाउटरब्रुनेनच्या फलाटावर उभी आणि हे ग्रिंडेलवाल्डच्या. अर्ध्या-अर्ध्या तासानं गाडी येत होती. प्रत्येक गाडीतून जपानी, कोरियन, अरबी नवरे उतरत होते, आपापल्या बायकांसकट. धबधबा मी बघितला, स्टेशनाबाहेरून जेवढा दिसला तेवढा. दोन तासांनी मी हरले आणि हॉटेलवर जायला परतीच्या गाडीत बसले. त्याच सुमारास तिकडे हेही हरले. ह्यांच्याकडे फोन होता, नेट होतं, पण फोन करणार कुणाला?

येताना मात्र ही रेल्वे वेगळी वागते. दोन्ही खोऱ्यांतून उतरलेल्या गाड्या त्स्वाइल्यूत्शिनेनला पुन्हा जोडतात. जाताना बसला होता तसाच हलका धक्का बसला, आणि दोघं एकाच गाडीत, मध्ये चारेक डबे सोडून, एकमेकांच्या नावानं कडाकडा बोटं मोडत ओस्टला आलो.

मी उतरले. पलीकडून हे उतरताना दिसले. घाईघाईनं माझ्याकडे आले. डोळे भरून आलेत की काय असं मला वाटलं. पण भूक होती ती.

"डबा कुठाय?" हे म्हणाले.

मी विचारलं, "कुठला?"