आजीवन परवानाधारक

दादरला रात्री टॅक्सीवाला परळला यायला नाही म्हणाला. मी बॉनेटवर हात टेकून त्याला मोटार वाहन कायदा समजावून सांगितला. जरा मोठ्याने. मित्राच्या सेंडऑफवरून परतत होतो, त्यामुळे मधेमधे लावणीही म्हटली असेल. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, पण पोलिसांच्या गाडीत मी बसलो आणि टॅक्सीवाला साक्षीदार झाला.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि लादीच्या रेघेवरून चालायला लावलं. लादीच वाकडी बसवली होती. तसं सांगितलं, तर तेही 'असंबद्ध बडबड' म्हणून कागदावर चढलं.

मग कोर्ट. व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी एक काका. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर अष्टगंध.

"पैलीच वेळ?"

"हो."

"कलम?"

"तीनशे पंचावन्न."

"आपलं पण तेच," काका म्हणाले, जणू आमचं गाव एकच निघालं. "परवाना आहे ना?"

"कसला?"

काकांनी मान सावकाश माझ्याकडे वळवली. मग खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून लॅमिनेट केलेला कागद. "आजीवन. हजार रुपये भरलेत. शिक्का बघा. हात नका लावू."

"पण काका, तो पिण्याचा परवाना. रस्त्यावर काही केलं तर..."

"काय केलं मी रस्त्यावर? सिग्नल बंद होता, हवालदार नव्हता. मी मधे उभा राहून गाड्या सोडत होतो. कोणीतरी सोडायला नको? तुम्ही काय केलं?"

"टॅक्सी अडवली."

"बघा! मी सोडत होतो, तुम्ही अडवली. आणि ती पण विनापरवाना!"

पलीकडे बसलेला एक पाकीटमारसुद्धा माझ्याकडे बघून चुकचुकला.

आता यात काकांचं चुकीचं काही नाही, हीच पंचाईत. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. विदेशी दारूचा परवाना एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, जन्माचा १,०००. देशी प्यायची तर एका दिवसाचे २ रुपये. बारवाला आपल्या नावाने रोजची पावती फाडतो की नाही, हे बिल बघताना कोण विचारतो? तेव्हा डोळे फक्त आकड्यावर असतात.

आणि दंड! १८६०च्या दंड संहितेत दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर चोवीस तासांपर्यंत साधी कैद, नाहीतर १० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराणीचं राज्य गेलं, गिरण्या गेल्या, दहा रुपये तसेच. १ जुलै २०२४ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम तीनशे पंचावन्नात एकदम हजारापर्यंत. वर समाजसेवेची शिक्षाही देता येते. हे ऐकून काका भडकले. "समाजसेवा? गणपतीत आख्ख्या मंडळाचं मंडप-दोरखंड मीच बघतो. आणखी काय करू?"

पुकारा झाला. टॅक्सीवाल्यावरचं भाषण मी घरून पाठ करून आलो होतो. "साहेब, भाडं नाकारणं हासुद्धा—"

"गुन्हा कबूल आहे की नाही?"

मागून काका कुजबुजले, "कबूल म्हणा, जेवणाची सुट्टी होईल."

पाचशे. टॅक्सीवाल्याचं नावही निघालं नाही. त्या क्षणी तो कुठेतरी एखाद्या म्हातारीला सायनला नेणार नाही म्हणून हात हलवत असणार, आणि ती बिचारी गाणंही म्हणत नसणार. तिने तक्रार कुठे करायची? टॅक्सीचा नंबर लिहून घ्यायला पेन लागतं, चष्मा लागतो, आणि तोवर टॅक्सी पुढच्या सिग्नलला.

काकांनी परवाना साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, परत दिला आणि हजार ठोठावले. काका बाहेर आले ते थेट माझ्याकडे.

"पाचशे कमी पडतायत."

दिले. काकांनी नोट उजेडात धरून पाहिली, परवान्याच्याच पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "विनापरवाना माणसाकडून घ्यायचं म्हणजे जिवावर येतं हो."