पहिल्या पाण्याचा मान

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. त्यामुळे कॉलेजने मला एका सत्रासाठी ओकायामाला, तेही एका जपानी कुटुंबात राहायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे ‘माहितीतलंच गाव आहे’ असा सूर होता. त्या बागेत फिरायला जाण्याच्या पुण्याईवर बाबांनी मला जपानी संस्कृतीबद्दल भरपूर सल्ले दिले. त्यात अंघोळीचा उल्लेख नव्हता.

जपानी घरात अंघोळ रात्री करतात. टब एक, आणि पाणीही एकच. नाक मुरडू नका. आधी टबाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग खळखळून धुवायचं आणि लख्ख होऊन मग टबात उतरायचं, ते नुसतं शेकायला. साधारण 200 लिटर पाणी, 40 ते 42 अंश. आपलं झालं की टबावर झाकण घालायचं, पुढचा माणूस त्याच पाण्यात. शेवटी उरलेलं पाणी सकाळी नळीने वॉशिंग मशीनमध्ये. पाणीकपातीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला यात खटकण्यासारखं काही नाही. खटकलं ते एवढंच, की पहिलं पाणी पाहुण्याचं.

घरात ओकासान म्हणजे आई, ओतोसान म्हणजे बाबा आणि ऐंशी पार केलेल्या आजी. रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं यंत्र एक गोड धून वाजवायचं आणि त्याहून गोड आवाजात ‘अंघोळीचं पाणी तापलं आहे’ असं जाहीर करायचं. की तिघंही माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, आधी आजी. आजी म्हणायच्या, छे छे, तुम्ही. मी म्हणायचो, ओतोसान दमून आलेत. ओतोसान म्हणायचे, मी मुळीच दमलेलो नाही; आणि हे म्हणताना त्यांचे डोळे मिटत असायचे. आग्रहाच्या बाबतीत मराठी माणूस हार जाणारा नाही अशी माझी समजूत होती. पण आपला आग्रह आवाजावर चालतो. कमरेत वाकून, हसून, आवाज जराही न चढवता केलेल्या आग्रहापुढे आपलं काही चालत नाही.

बरं, आत गेल्यावर किती वेळ बसायचं? लवकर बाहेर आलो तर ओकासान घाबऱ्या: पाणी फार कढत होतं का? उशिरा आलो तर कोणी काहीच बोलत नसे, आणि तेच जास्त लागायचं. दाराबाहेर आजी कपडे घेऊन ताटकळल्यात, हे डोळ्यांसमोर ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात बुडून बसणं याला विश्रांती म्हणतात, असं तिथे मला प्रेमाने सांगितलं जायचं.

त्यात साडेतीन तास मागे असलेल्या पुण्यातून सकाळी आईचा फोन. “अंघोळ झाली?” रात्रीच झाली म्हटलं की पलीकडे शांतता. मग, “म्हणजे पारोसाच निघालास?” रात्री 42 अंशांत उकडून निघालेल्या मुलाला ती सत्रभर पारोसाच मानत आली.

जेवणाचं वेगळंच. मी शाकाहारी आहे हे फॉर्मवरच लिहिलं होतं. ओकासाननी ते इतकं मनावर घेतलं, की प्रत्येक बाटलीचं लेबल वाचून काढलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात मासा नाही अशी जागाच नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. मिसो सूपच्या पाण्यात सुकवलेल्या माशाचा कीस, भाज्यांवरच्या रसात तोच. त्यांनी सगळं बाजूला सारून बौद्ध मठातल्यासारखं कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेली अळंबी उकळून सूप करायला घेतलं. माझ्यामुळे त्या घराला चातुर्मास लागला. ओतोसान रात्री फ्रीजपुढे उभ्याउभ्या काहीतरी खाताना दिसत आणि मी आलो की डब्याला झाकण लावत.

शंभर टक्के शाकाहारी म्हणून एकच पदार्थ निर्वेधपणे पुढे आला, नात्तो. म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वासाचं वर्णन मी टाळतो. त्याबरोबर सॉसची पुडी असते. तिच्यात तरी मासा निघावा आणि प्रकरण मिटावं अशी मी देवाला प्रार्थना केली. निघाला. ओकासाननी पुडी काढून टाकली आणि नात्तो मिठाबरोबर वाढला.

एक मात्र कबूल करायला हवं. परदेशात मराठी माणसाला जी एक चिंता सगळ्यात आधी छळते, ती जपानमध्ये नाही. 1980 सालापासून तोतो कंपनीचा वॉशलेट, म्हणजे पाण्याचा फवारा मारणारं कमोड, तिथे आहे. बटण दाबलं की तांब्याची उणीव भासत नाही. फक्त बटणांवरचं लिहिलेलं माझ्या जपानीच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ‘शाळा’ आणि ‘स्टेशन’ वाचता येणारा माणूस त्या पॅनेलपुढे निरक्षर असतो.

मग दिवाळी आली. आईने पार्सलमध्ये उटणं आणि बाकरवडी पाठवली. बाकरवडी आधी आजोबांच्या फोटोपाशी, घरातल्या बुद्धाच्या देव्हाऱ्यात ठेवली गेली. नैवेद्य समजावून सांगावा लागला नाही. उटण्याचं मात्र सांगावं लागलं. आजींना पटकन पटलं, कारण डिसेंबरात सगळ्यात लहान दिवशी तेही टबात युझूची लिंबं सोडतात, सर्दी होऊ नये म्हणून. “आणि नाही केली अंघोळ, तर?” ओकासाननी विचारलं. माझ्या तुटपुंज्या जपानीत नरकचतुर्दशीची कथा मावणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “नरकात जातो.”

पहाटे पाच वाजता अख्खं घर उठलं. ओतोसान खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत. कारीट मिळणं शक्य नव्हतं. त्याचा विषयच मी काढला नाही, नाहीतर ओकासाननी टाचेखाली फोडायला ‘काकी’ नावाचं जपानी फळ आणून दिलं असतं. यंत्राने धून वाजवली. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हात जोडून, अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की आमच्याकडे या दिवशी घरातलं सर्वात वयस्कर माणूस पहिलं. कुठल्या ग्रंथात, ते विचारू नका. धर्माचाच प्रश्न आल्यावर आजींचा नाइलाज झाला.

चांगला पाऊण तास आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा गाल लाल, अंगाला उटण्याचा वास. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, “हे आजच एक दिवस असतं?”

मी खोटं बोलू शकत नव्हतो. पाडव्यालाही असतं, म्हणालो.

आजींनी आनंदाने टाळी वाजवली. ओतोसान काहीच बोलले नाहीत. त्यांनी चहाचा रिकामा कप नेहमीपेक्षा किंचित जोरात खाली ठेवला.